क्लेरिह्यू : हे नक्की कोणाचं नाव?

वेलदोडा

माझा भाऊ लेस्टरला असतो. त्याची मुलगी रेवा, वय वर्षं नऊ. परवा रात्री तिने मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. गृहपाठ होता : घरातल्या एका माणसावर 'क्लेरिह्यू' लिहून आणा. खाली नियम दिलेले. ओळी चार. पहिल्या ओळीच्या शेवटी माणसाचं नाव. पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी ओळ यमकाने बांधायची. ओळी लहानमोठ्या झाल्या तरी चालतील, वाचणारा हसला पाहिजे.

रेवाने आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना धरलं. पहिली ओळ : माय ग्रँडफादर श्रीधर. दुसरी ओळ खोडून खोडून कागद विरलाय, पलीकडच्या पानावरचा गुणाकार दिसतोय. "आत्या, श्रीधरला ऱ्हाइम होणारा वर्ड सांग ना."

मी बँकेत काम करते, इंग्रजी साहित्याशी संबंध बारावीपर्यंतचा. शब्द ऐकून वाटलं वेल्श असेल, नाहीतर फ्रेंच. शोधलं तर एक गृहस्थ निघाले, एडमंड क्लेरिह्यू बेंटली. म्हणजे काव्यप्रकाराला माणसाचं नाव दिलंय. पण दिलंय ते मधलं! मधलं नाव म्हणजे वडिलांचं असणार. वि. वा. शिरवाडकरांच्या कवितेला कोणी 'वामन' म्हणत नाही, मग यांना काय झालं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. श्रीधरला यमकही सुचवावं. गृहपाठ शुक्रवारी द्यायचाय.

जुना_वाडा

अवांतर : शिरवाडकरांचं 'वामन' हे दत्तक वडिलांचं. मूळचे ते गजानन रंगनाथ. नावांच्या धाग्यावर आहोत म्हणून सांगितलं.

चष्मेबद्दूर

वाचतोय. खुर्ची धरून ठेवली आहे.

अक्षरओळख

वेलदोडा, मधलं नाव वडिलांचं असणं हा आपला हिशेब. बेंटलीसाहेबांच्या वडिलांचं नाव जॉन एडमंड बेंटली. सरकारी नोकरीत होते, आणि १८७१ साली इंग्लंड-स्कॉटलंड असा रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला त्यात इंग्लंडकडून खेळले होते. त्यांचं 'एडमंड' मुलाच्या पहिल्या नावात गेलं. 'क्लेरिह्यू' हे आईचं माहेरचं आडनाव, स्कॉटिश. इंग्रजांमध्ये आईचं माहेर असं मुलाच्या नावाच्या मधोमध बसवायची चाल जुनी आहे.

आता बेंटली सोडून क्लेरिह्यू का? पोरगा लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत, सोळा वर्षांचा. अभ्यास करता करता डोक्यात चार ओळी आल्या. त्यांतले गृहस्थ रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही. मतलब असा, की डेव्हीला ग्रेव्ही आवडत नसे, आणि सोडियम शोधून काढल्याचा कलंक माथ्यावर घेऊन तो जन्मभर जगला. यमकं डेव्ही-ग्रेव्ही, ओडियम-सोडियम. दुसऱ्या ओळीचे पाठभेद आहेत. कुठे ग्रेव्ही नुसती आवडत नाही, कुठे तिचा तिटकारा आहे. पोरांनी वही केली, त्यात असल्या कवितांची भर पडत गेली. वहीत लिहिणाऱ्यांत बेंटलीचा जिवलग मित्र होता, जी. के. चेस्टरटन. तोच, फादर ब्राऊनच्या रहस्यकथांवाला.

१९०५ साली यांचं पुस्तक निघालं, 'बायोग्राफी फॉर बिगिनर्स'. चित्रं चेस्टरटनची. मुखपृष्ठावर पाठ्यपुस्तकाचा आव : वरच्या वर्गांच्या उपयोगासाठी, संपादक ई. क्लेरिह्यू, बी.ए. चित्रांना चित्रं म्हटलेलं नाही, 'डायग्राम्स' म्हटलंय. बेंटली तेव्हा लंडनमध्ये पत्रकार होता. असल्या वात्रटपणासाठी त्याने आडनाव झाकलं आणि आजोळचं पुढे केलं. लोकांनी पुस्तकावर दिसलं तेच नाव उचललं. १९२०चं दशक सरेपर्यंत तो शब्द काव्यप्रकाराचं नाव म्हणून छापून यायला लागला होता.

म्हणजे ज्याने आडनाव लपवलं त्याचं आजोळ शब्दकोशात जाऊन बसलं.

जुना_वाडा

नावापुढे 'बी.ए.' हे फारच आवडलं. आमच्या माळ्यावर आजोबांच्या पुस्तकांचा ट्रंक आहे. त्यातला एक लेखक बी.ए., एलएल.बी. लावल्याशिवाय पुस्तकाबाहेर पडत नाही.

सोडावॉटर

रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, तेव्हा ओडियम-सोडियमवर माझा हक्क.

डेव्हीने सोडियम वेगळा केला १८०७ साली, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. कॉस्टिक सोडा वितळवायचा आणि त्यातून बॅटरीची वीज सोडायची. त्याच पद्धतीने काही दिवस आधी पोटॅशियम काढला होता. यासाठी त्याला कोणी नावं ठेवली नाहीत, उलट डोक्यावर घेतला. म्हणजे कवितेतला कलंक साफ खोटा, आणि 'सोडियमला ओडियमच जुळतो, मी काय करू?' एवढाच त्याला आधार! मला तर ही वर्गातल्या बाकावरूनच सुचलेली कविता वाटते. पोरं शास्त्रज्ञांची नावं पाठ करताना हेच करतात.

कलंक म्हणाल तर तो मला लागलाय. सोडियम रॉकेलच्या बाटलीत ठेवतात, चिमट्याने काढून सुरीने कापायचा. लोण्यासारखा कापला जातो, आतून चकचकीत. पाण्यात हरभऱ्याएवढा टाक म्हणून एका वीराला सांगितलं, त्याने बोराएवढा टाकला. सुर्र करत पाण्यावर धावला, पेटला आणि फाटकन फुटला. कोणाला लागलं नाही, पण छताला जो काळा ठिपका पडला तो माझ्या निवृत्तीपर्यंत तिथेच होता. पुढच्या बॅचेस त्याला माझ्या नावाने ओळखायच्या.

घ्या मराठीत :

सर हम्फ्री डेव्ही
यांना चालत नसे ग्रेव्ही.
लोक म्हणत, "काय मेलं हे खूळ,
सोडियम शोधून मिठाचं काढलं मूळ!"

वेलदोडा

सोडावॉटर सर, दंडवत! रेवाला फोनवर वाचून दाखवली. 'मेलं' म्हणजे डेड का, असं विचारत होती.

बांगडी_फुटली

मला हे वाचताना सारखा उखाणा आठवतोय. आपल्याकडेही नाव घ्यायचं असतं, ते यमकात घ्यायचं असतं आणि समोरचे हसले पाहिजेत. लग्नात पंगतीत नवरीला अडवून धरतात ना, 'नाव घे नाहीतर घास नाही', तसं या शाळेने रेवाला अडवलंय.

अक्षरओळख

उपमा झकास. पण एक उखाणा हातात घेऊन बघा. 'भाजीत भाजी मेथीची, अमुक माझ्या प्रीतीची.' यमक कुणाचं? मेथीचं आणि प्रीतीचं. नवऱ्याचं नाव मधे उभं आहे, त्याला यमकाशी काही देणंघेणं नाही. तिथे सुरेश घाला, महादेव घाला, उखाणा हलत नाही. म्हणून तर उखाण्यांची पुस्तकं विकली जातात! नावाची जागा रिकामी टिंबं देऊन सोडलेली असते, आपापला नवरा भरून घ्यायचा.

क्लेरिह्यूत नाव ओळीच्या टोकाला आहे, म्हणजे सगळा भार त्याच्यावर. डेव्ही काढून तिथे फॅरेडे घाला. ग्रेव्ही गेली, कविता गेली. त्या माणसाबद्दल काय सांगायचं हे त्याचं चरित्र ठरवत नाही, त्याच्या नावाचं शेवटचं अक्षर ठरवतं. सोडावॉटर सरांचा खोटा कलंक तिथूनच आला.

बांगडी_फुटली

बरोब्बर. आमच्या ह्यांचं नाव मुकुंद. उखाण्याच्या पुस्तकातले सगळे चालतात. क्लेरिह्यू करायला बसले तर धुंद, मंद, गुलकंद. संसारात वांधे व्हायचे.

खडूस_काका

आपल्याकडे वात्रटिका आहे, चारोळी आहे, विडंबन आहे. कुठल्याशा साहेबाच्या आजोळच्या आडनावाने मराठीत कविता पाडायची हौस का, हे मला कळलेलं नाही. धागा वर येतोय म्हणून विचारतो.

अक्षरओळख

काका, हौस नऊ वर्षांच्या मुलीच्या गृहपाठाची आहे. पण मुद्दा निघालाच आहे तर, वात्रटिका विषयावर असते : महागाई, पुढारी, बायको. क्लेरिह्यू नावावर असते. विडंबन म्हणाल तर आपले विडंबनकार वृत्त मोडत नाहीत. केशवकुमारांनी कितीही टर उडवली तरी मात्रा चोख, म्हणून तर ते झोंबतं. इथे ओळ मुद्दाम लंगडी ठेवतात. एक ओळ दोन शब्दांची, पुढची दारापर्यंत लांब. शाळेतल्या निबंधातलं वाक्य ओढून-ताणून यमकावर आणल्यासारखं वाटलं पाहिजे. मात्रा मोजायची सवय असलेल्या माणसाला ते जमणं अवघड, हात आपोआप दुरुस्त करायला जातो.

खडूस_काका

माझा हात आत्ताच गेला होता. सरांची चौथी ओळ लांब आहे.

देवगडचा_हापूस

त्या १९०५च्या पुस्तकात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. रॉबर्ट क्लाइव्ह. बेंटली म्हणतो, क्लाइव्हबद्दल मला आवडतं ते हे, की तो आता हयात नाही. मेलेलं असण्याच्या बाजूने बरंच काही बोलता येईल. इंग्रज माणसाने इंग्रजी साम्राज्याच्या मूळपुरुषाबद्दल इंग्रज शाळकरी पोरांसाठी लिहिलेलं! साम्राज्य तेव्हा ऐन भरात होतं.

प्लासी १७५७ची, सगळ्यांना पाठ असते. तिच्या आदल्या वर्षी, १७५६च्या फेब्रुवारीत, हा क्लाइव्ह आमच्या विजयदुर्गावर होता. वॉटसनचं आरमार समुद्रातून, क्लाइव्हचे शिपाई जमिनीवरून. समोर तुळाजी आंग्रे, आणि इंग्रजांच्या जोडीला कोण? तर पेशवे. मराठ्यांचं आरमार जाळायला मराठ्यांनीच साहेब बोलावला. इंग्रजी कागदांत किल्ल्याचं नाव 'घेरिया'. घेरियात आरमाराला आग लागली म्हणून वाचत जातो आणि मग लक्षात येतं, अरे हे आमचंच बंदर! आजही खाडीच्या बाजूने तटाला लागून होडी नेली तर ही भिंत तोफांनी पाडायची म्हणजे काय, ते कळतं. आम्ही लहानपणी तिथे कालवं काढायला जायचो.

म्हणून ही आमच्या तालुक्यातर्फे :

लॉर्ड रॉबर्ट क्लाइव्ह
बरं झालं, आता नाही 'लाइव्ह'.
विजयदुर्गावर तोफा डागून गेला,
आणि नंतर कधीतरी मेला.

चष्मेबद्दूर

'नंतर कधीतरी' ला टोपी काढली. खुर्चीवर उभा आहे.

खडूस_काका

पेशव्यांचं नाव काढलंत, आता पान दहापर्यंत थांबणार नाही.

देवगडचा_हापूस

काका, तुम्ही नका काढू, कोणी नाही काढणार.

कर_नाही_त्याला_डर

मी काल रात्रीपासून मराठी क्लेरिह्यू करायला बसलोय आणि एक भयानक गोष्ट लक्षात आलीय. आपल्या निम्म्या आडनावांच्या शेवटी 'कर' आहे. आता 'कर'ला काय जुळतं? घर, वर, सर, पर, जर, तर, भर, मर. झालंच तर मराठीतलं प्रत्येक 'इथे ये आणि अमुक कर'. यमक इतकं स्वस्त की मजाच जाते. एका आडनावाची कविता दुसऱ्या कुठल्याही गावाच्या माणसाला चिकटते. म्हणजे पुन्हा उखाणाच झाला की!

इंग्रजीत गंमत येते ती नाव अडून बसतं म्हणून. तेव्हा नियम : मराठीत क्लेरिह्यू करायची तर 'कर' बाद. उदाहरण :

बाबूराव पेंटर
यांचं कोल्हापूर हेच सेंटर.
कॅमेरा बाजारातून आणायचा सोडून
घरीच ठेवला जोडून.

रंकाळा_काठ

कोल्हापूरकर म्हणून दुरुस्ती : कॅमेऱ्याचं काम सुरू केलं ते त्यांचे भाऊ आनंदराव पेंटर यांनी. ते अकाली गेले, मग बाबूराव आणि दामले यांनी ते पुरं केलं. आणि 'पेंटर' हे आडनाव नव्हेच, आडनाव मेस्त्री. धंद्यावरून लोकांनी पाडलेलं नाव चिकटलं.

कर_नाही_त्याला_डर

दुरुस्ती मान्य, कविता अमान्य करणार नाही. मेस्त्रीला काय जुळवू? शास्त्री?

खडूस_काका

मेस्त्री-शास्त्री हे यमक नव्हे. (आणि मला आत्ता हे करावंसं वाटायला लागलंय, त्याबद्दल मी सर्वांचा निषेध करतो.)

कवी मोरोपंत
यांना नसे उसंत.
एकशे आठ रामायणं लिहून झाली,
तरी जेवायची वेळ नाही आली.

वेलदोडा

काका!!! 🙏

जुना_वाडा

काकांनी पंतांना घेतलं म्हणून आठवलं. ज्याचं नाव त्याचं काम असतंच असं नाही, याला आपल्याकडचा नमुना म्हणजे 'हेमाडपंती'. हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा प्रधान, काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०. दोनशे वर्षांचं अंतर. तरी कोणत्याही गाववाल्याला विचारा, 'हेमाडपंती देऊळ आहे' हेच सांगतो. चुना न घालता दगडावर दगड बसवलेला दिसला की झालं.

हेमाद्री पंडित
यांची कीर्ती अखंडित.
चुन्याविना दगड दिसला कुठे,
की यांचंच नाव पुढे.

खडूस_काका

कुठे-पुढे सैल आहे. ठ आणि ढ.

जुना_वाडा

चुन्याशिवाय बसवलंय हो, थोडी फट राहणारच.

अक्षरओळख

हेमाडपंतीवरून इंग्रजीतलं एक भावंड सांगतो, मग थांबतो. एखाद्या ग्रंथातले 'अश्लील' भाग कापून त्याला सोवळं करणं याला इंग्रजीत बाउडलराइझ म्हणतात. डॉक्टर थॉमस बाउडलर यांच्या नावावरून. कुटुंबात मोठ्याने वाचता यावा म्हणून शेक्सपिअर धुऊन काढला, 'फॅमिली शेक्सपिअर'. १८१८ची दहा खंडांची आवृत्ती त्यांच्या नावावर आहे. पण पहिली आवृत्ती १८०७ साली बाथमधून निघाली, त्यातली वीस नाटकं कापणारी होती त्यांची बहीण, हेन्रिएटा. पुस्तकावर तिचं नाव नव्हतं. सभ्य घरातल्या अविवाहित बाईने 'हे हे वाक्य चावट आहे' असं छापून सांगायचं म्हणजे तिला ते कळलं होतं हे कबूल करायचं.

योगायोग बघा, १८०७. सोडियम आणि सोवळा शेक्सपिअर एकाच वर्षी.

बांगडी_फुटली

पण शब्द आडनावावरून झालाय ना? मग तिचंही आडनाव बाउडलरच. शब्द भावाचा म्हणतात, अर्धा तिचा आहे. तिने लग्न केलं असतं तर तेही गेलं असतं.

अक्षरओळख

हे मला सुचलं नव्हतं. घेतो.

आणि 'क्लेरिह्यू'चं पुढे काय झालं तेही. बेंटलीने मुलाच्या नावात तो शब्द तसाच ठेवला : निकोलस क्लेरिह्यू बेंटली. हा मोठा चित्रकार झाला, चेस्टरटन त्याचा धर्मपिता. १९३९ साली बेंटलीचं या प्रकारातलं आणखी एक पुस्तक आलं, त्याची चित्रं या मुलाने काढली. म्हणजे आजीचं माहेर नातवापर्यंत पोचलं. बेंटलीने १९१३ साली एक रहस्यकादंबरीही लिहिली, 'ट्रेंट्स लास्ट केस'. ती त्या प्रांतात अजून मानतात. पण 'बेंटली' म्हटलं की लोकांना मोटारगाडी आठवते.

सोडावॉटर

एक शंका. आपल्याकडे कवी स्वतःचं नाव शेवटच्या ओळीत घालतो, 'तुका म्हणे'. या प्रकारात कोणी स्वतःचं नाव घातलंय का?

अक्षरओळख

इंग्रजी कवी ऑडनने. त्याचं पहिलं नाव विस्टन. १९७१च्या संग्रहात पहिल्याच ओळीत ते घेतो, त्याला दंतकथेतला प्रेमवीर ट्रिस्टन जुळवतो आणि म्हणतो, पण मी त्याच्याइतका खुळा नसावा अशी आशा आहे. नाममुद्राच, पण उलट्या टोकाला. आपल्याकडे नाव आलं की अभंग संपतो, तिथे नाव आल्याशिवाय सुरू होत नाही.

चष्मेबद्दूर

वाचनखूण साठवली. शुक्रवार उद्या आहे, श्रीधरचं काय झालं?

कर_नाही_त्याला_डर

श्रीधर - अधांतर. श्रीधर - 'इकडे आड, तिकडे विहीर' मधली विहीर थोडी वाकवून. बाकी माझं डोकं 'कर'ने खाल्लंय.

वेलदोडा

सर्वांचे आभार. अपडेट देते.

अधांतर रेवाला कळेना, आणि इंग्रजीत काही जमेना. शेवटी भावाने आबांनाच फोन लावून दिला. आबा आधी म्हणाले, "माझ्यावर कशाला? माझं नाव धड जुळत नाही हे तुझ्या आजीने लग्नातच सांगितलं होतं." (आईने उखाणा सात वेळा अडखळत घेतला होता, हे मला आत्ता कळलं.) मग हा सगळा धागा मी त्यांना वाचून दाखवला. क्लाइव्हला हसले, मोरोपंतांना जास्त हसले, आणि बेंटलीच्या आईच्या माहेरच्या आडनावाशी आले तेव्हा "वा" म्हणाले.

आज सकाळी त्यांचा फोटो आला. कॅलेंडरचं मागचं पान, बॉलपेन, खाली सही आणि तारीख. रेवा हे मराठीतच वर्गात वाचून दाखवणार आहे, नंतर इंग्रजीत अर्थ सांगणार आहे. बाईंची परवानगी मिळालीय.

आमची नात रेवा,
तिच्या इंग्रजीचा वाटतो हेवा.
रोज विचारते, "आबा, हाऊ आर यू?"
आज म्हणाली, "लिहून द्या क्लेरिह्यू."

खडूस_काका

चोख आहे. यू-ह्यूला माझी हरकत नाही.